सहा दिवसांचं घर

पहिली चूक बहुतेक वेळा पाण्याशी होते. ग्वाटेमालातल्या आंतीग्वा शहरात स्पॅनिश शिकायला आलेला विद्यार्थी पहिल्या सकाळी न्याहारी आटोपतो आणि आपला कप आपणच विसळावा म्हणून अंगणात जातो. तिथे सिमेंटची एक खोल टाकी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उतरत्या तळाच्या, मोरीसारख्या दोन उथळ जागा. विद्यार्थी साबण लावलेला कप सरळ मधल्या टाकीत बुडवतो. आतापर्यंत हसतमुख असलेली घरची बाई स्वयंपाकघरातून धावत येते.

या बांधकामाला ‘पीला’ म्हणतात आणि ग्वाटेमालात पीला नसलेलं घर सापडणं कठीण. मधल्या टाकीत साठवणीचं पाणी असतं. त्यात हात, भांडं, कपडा काहीच घालायचं नाही. वाडग्याने पाणी काढायचं, एका बाजूला भांडी घासायची, दुसऱ्या बाजूला कपडे धुवायचे. नळाला पाणी येत नाही त्या दिवशी सगळं घर या टाकीवर चालतं. ज्याच्या आजोळी परसात हौद होता त्या मराठी माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. हौदात तांब्या बुडवण्याआधी तो बाहेरून धुतलेला आहे ना, हे बघणारी आजी त्याने पाहिलेली असते. स्टॉकहोम किंवा शिकागोहून आलेल्या मुलाला मात्र पाणी साठवावं लागतं, इथपासून सुरुवात करावी लागते.

यजमान कुटुंबात राहून भाषा शिकणं म्हणजे काय, ते या पीलाजवळ कळतं. शाळेत क्रियापदं शिकवतात. टाकीत कप बुडवू नये, हे कोणी शिकवत नाही. ते घर शिकवतं, आणि ते शिकवताना जे शब्द कानांवर पडतात ते सहसा विसरले जात नाहीत.

आंतीग्वा हे नाव मुळात अर्धं. पूर्ण नाव ‘ला आंतीग्वा ग्वातेमाला’, म्हणजे जुनं ग्वाटेमाला. 1543 मध्ये स्पॅनिशांनी या जागी राजधानी वसवली. 29 जुलै 1773 रोजी झालेल्या भूकंपांनी ती उद्ध्वस्त झाली आणि राजधानी आजच्या ग्वाटेमाला शहराच्या जागी हलवली गेली. मागे राहिली पडकी चर्चं, दगडगोट्यांचे सरळ रस्ते आणि जायला नकार दिलेली माणसं. 1979 मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे दीड हजार मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्त. दक्षिणेला आग्वा हा 3,760 मीटरचा ज्वालामुखी शांत उभा आहे. पश्चिमेला आकातेनांगो आणि त्याच्याच शेजारी फ्वेगो. ‘फ्वेगो’ म्हणजे आग. 3 जून 2018 च्या त्याच्या उद्रेकात डोंगरउतारावरच्या वस्त्या राखेखाली गेल्या. या डोंगरांच्या सावलीतल्या गावात जगभरातून माणसं येतात आणि सकाळी चार-पाच तास एकेका शिक्षकासमोर एकेकटी बसून स्पॅनिश शिकतात.

एका विद्यार्थ्याला एक शिक्षक ही इथली खासियत. बाकांच्या रांगा नाहीत, फळ्याकडे तोंड करून बसणं नाही. एखाद्या जुन्या घराच्या अंगणात लहान लहान टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक टेबलाशी दोघं बोलत असतात. या परंपरेत सर्वांत मानाचं नाव ‘प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकीन’ या संस्थेचं. 1969 मध्ये ती सुरू झाली. फ्रान्सिस्को मार्रोकीन हे ग्वाटेमालाचे पहिले बिशप, आणि त्यांनी स्थानिक माया भाषांचा अभ्यास केला होता. संस्थेचा मूळ हेतूही तोच होता: माया भाषा बोलणाऱ्या तरुणांना भाषाशास्त्र शिकवायचं, म्हणजे आपापल्या भाषांचे कोश आणि व्याकरणं ते स्वतः तयार करतील. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवून जो पैसा येई त्याचा या कामाला आधार होता. टेरेन्स कॉफमन आणि नोरा इंग्लंड यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी तिथे माया तरुणांना शिकवलं. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्कातून एका दुर्लक्षित भाषेचा कोश उभा राहावा, ही कल्पना आजही अभिमान वाटावा अशी आहे.

शाळा दुपारी सुटते आणि विद्यार्थी घरी जेवायला जातो. ‘घरी’ हा शब्द पहिल्या आठवड्यात जिभेवर अडखळतो.

घर बाहेरून पाहिलं तर काहीच कळत नाही. रस्त्याला लागून पिवळी किंवा विटकरी रंगाची लांब भिंत, एक जाड लाकडी दरवाजा, गजांच्या खिडक्या. दार उघडलं की छोटी देवडी, ती ओलांडली की मोकळा चौक, चौकात झाडं आणि भोवताली खोल्या. पुण्यातला किंवा वाईतला वाडा ज्याने पाहिला आहे तो इथे क्षणभर थबकतो. एकाच चौकात सगळ्या खोल्यांची दारं उघडतात, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोण रात्री उशिरा परतलं हे सगळ्यांना ठाऊक. दार लावून घेऊन दिवसभर खोलीत बसणारा माणूस अशा घरात उठून दिसतो.

हे घर चालवणारी बाई पन्नाशीच्या आसपासची असते किंवा त्याहून मोठी. तिच्याकडे वर्षानुवर्षं विद्यार्थी येत आलेले असतात. शाळा विद्यार्थ्याकडून आठवड्याचे पैसे घेते आणि त्यातला घराचा वाटा तिच्या हाती देते. बहुतेक ठिकाणी एक खोली आणि दिवसाला तीन वेळचं जेवण, तेही आठवड्याचे सहा दिवस, असा करार असतो. रविवारी विद्यार्थ्याने बाहेर खावं. या पैशांतून मुलांच्या शाळेची फी निघते, घराचं छत दुरुस्त होतं. हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुष्कळ गैरसमज इथेच जन्मतात. कुणी येतो तो हॉटेलात आल्यासारखा वागतो, ताट जागेवर ठेवून उठतो. कुणी दुसऱ्या टोकाला जाऊन पहिल्याच दिवशी ‘आई’ म्हणू लागतो आणि महिन्याभरात त्या खोलीत आलेल्या पुढच्या विद्यार्थ्याचंही तितक्याच मायेने स्वागत झालं की दुखावतो. ती बाई खोटं वागत नसते. पैसे घेऊनही माणूस मनापासून वाढू शकतो. आपल्याकडच्या खानावळवाल्या मावशींनी हे किती पिढ्यांना दाखवून दिलं आहे.

कुटुंबात राहून परका देश समजून घ्यावा, ही कल्पना तशी फार जुनी नाही. डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थांनी 1932 मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ नावाचा उपक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं एकत्र राहिली तर देशांमधली तेढ कमी होईल, असा त्यांचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धाच्या जखमा ताज्या होत्या, दुसरं जवळ येत होतं. या उपक्रमातून युरोपात जाऊन आलेल्या तरुणांपैकी एक सार्जंट श्रायव्हर. तेच 1961 मध्ये अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे पहिले संचालक झाले, आणि पीस कोअरच्या स्वयंसेवकांनी पुढे कितीतरी देशांत गावातल्या कुटुंबात राहूनच भाषा शिकली. ग्वाटेमाला त्यांतला एक.

पण घरात राहिलं की भाषा आपोआप येते का? इथे एक महत्त्वाचा अभ्यास आठवतो. विल्यम रिव्हर्स यांनी रशियात शिकायला गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या प्रगतीची तुलना केली: काही जण कुटुंबांत राहिले होते, काही वसतिगृहांत. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होता. कुटुंबात राहिलेल्यांचं बोलणं वसतिगृहातल्यांपेक्षा अधिक सुधारलेलं दिसलं नाही. त्यांचं वाचन मात्र सुधारलं होतं. घर मिळालं म्हणून कुणी आपल्याशी बोलेलच असं नाही. ताट पुढे येतं, दूरदर्शनवर मालिका चालू असते, ‘अजून वाढू का?’ ‘नको, पुरे’ एवढ्यावर संभाषण संपतं आणि विद्यार्थी खोलीत जाऊन गृहपाठ करतो. असे दहा आठवडेही जाऊ शकतात.

मराठी विद्यार्थ्याला यात एक जादा अडचण असते, आणि ती घड्याळाची आहे. ग्वाटेमाला भारताच्या साडेअकरा तास मागे. आंतीग्वात संध्याकाळी सात-साडेसातला रात्रीचं जेवण होतं, तेव्हा नाशिकला किंवा सांगलीला दुसऱ्या दिवसाचे साडेसहा-सात वाजलेले असतात. आईबाबा उठलेले असतात, चहा झालेला असतो आणि फोन करायला त्यांना हीच वेळ सोयीची. ज्या अर्ध्या तासात टेबलाशी सगळं घर एकत्र बसतं, धाकटा नातू शाळेतली भांडणं सांगतो, आजी शेजारणीच्या लग्नाची बातमी देते, नेमका त्याच अर्ध्या तासात मोबाइल वाजतो. फोन घ्यायचा की नाही, हा प्रश्न छोटा वाटतो. पण तीन आठवड्यांनी स्पॅनिश किती आली याचं उत्तर बरंचसं त्यात असतं. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, ‘तुमच्या रात्री फोन करा, माझी सकाळ असते.’

टेबलाशी बसल्यावर पहिली कमाई होते ती रीतींची. ग्वाटेमालात जेवण संपवून उठणारा माणूस ‘मुचास ग्रासियास’ म्हणतो, आणि बाकीचे सगळे उत्तर देतात, ‘ब्वेन प्रोवेचो’, म्हणजे खाल्लेलं अंगी लागो. पाहुणा आभार मानतो तो स्वयंपाक करणारीचे, पण उत्तर देतं सगळं टेबल. कुणी जेवत असताना त्याच्या बाजूने गेलात तरी ‘ब्वेन प्रोवेचो’ म्हणायचं, अनोळखी माणूस असला तरी. न बोलता उठून गेलेला विद्यार्थी रागावला असावा, असं घर समजतं. सकाळी पहिला प्रश्न असतो, ‘कोमो आमानेस्यो?’ शब्दशः पाहिलं तर ‘कसे उजाडलात?’ पण मराठीत त्याचा खरा जोडीदार आहे ‘झोप झाली का नीट?’ या प्रश्नाला उत्तर देऊन उलट तोच प्रश्न विचारायचा असतो. बाहेर पडताना ‘या बेंगो’. म्हणजे ‘आलोच’. जाताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो शब्द घशाखाली उतरवायला एक क्षणही लागत नाही. निघणाऱ्याला मागून ‘के ले बाया ब्येन’ ऐकू येतं, आपल्या ‘नीट जा’सारखं.

मग येते ‘फीहेसे के...’ ग्वाटेमालात राहिलेल्या कुणालाही हे दोन शब्द विचारा, त्याचा चेहरा बदलेल. अर्थ ‘लक्षात घ्या की’ असा काहीसा. प्रत्यक्षात त्यानंतर येते ती अडचण. ‘फीहेसे के आज गरम पाणी नाही.’ ‘फीहेसे के शिक्षिका आजारी आहेत.’ सरळ नकार द्यायचा नसतो, समोरच्याला धक्काही द्यायचा नसतो, म्हणून आधी हे दोन शब्द येतात. मराठीत ‘त्याचं काय झालं ना...’ अशी सुरुवात झाली की आपण जसे सावध होतो, तसंच. जर्मनीतून आलेल्या मुलीला ही टाळाटाळ वाटू शकते. आपल्याला त्यातली मायाही ऐकू येते, कारण नकाराला मऊ कपड्यात गुंडाळणं आपणही करतो.

संबोधनांच्या बाबतीत मराठी मूल श्रीमंत होऊनच येतं. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला एका ‘यू’च्या जागी ग्वाटेमालात तीन शब्द शिकावे लागतात: तू, बोस आणि उस्तेद. पुस्तकात ‘तू’ असतं. बरोबरीचे मित्र एकमेकांना ‘बोस’ म्हणतात आणि त्याबरोबर क्रियापदाचंही रूप बदलतं, ‘तू त्येनेस’च्या जागी ‘बोस तेनेस’. घरातल्या मोठ्या बाईला ‘उस्तेद’, आणि नावापुढे ‘दोन्या’ लावायचं, आडनावापुढे नाही. काही घरांत आई स्वतःच्या लहान मुलालाही लाडाने ‘उस्तेद’ म्हणते. इथे युरोपीय विद्यार्थी गोंधळतो, कारण आदर म्हणजे दुरावा असं त्याच्या व्याकरणात बसलेलं असतं. ज्या घरात आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हटलं जातं तिथे वाढलेल्याला आदर आणि जवळीक या दोन वेगळ्या दोऱ्या आहेत, हे बालपणीच ठाऊक असतं.

खरं तर मराठी माणसाची मोठी अडचण स्पॅनिश नसतेच, मधली इंग्रजी असते. आपल्याकडची बहुतेक मुलं इंग्रजीतून स्पॅनिश शिकतात. मग ‘मे गुस्ता एल कफे’ हे वाक्य इंग्रजीच्या सरळ रचनेत बसत नाही म्हणून चार दिवस खर्च होतात. मराठीत ते आहे तसं बसतं: मला कॉफी आवडते. आवडणारी वस्तू कर्ता, आवडून घेणारा ‘मला’. आंबे अनेक असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, दोन्हीकडे. पेला हातून पडून फुटला तर ‘से मे कायो एल बासो’ म्हणायचं, म्हणजे ‘मी पेला पाडला’ असं कबूल न करता ‘माझ्या हातून पेला पडला’. एकाच ठिकाणी दोन भाषांनी माणसाला अशी सवलत द्यावी, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा मोठा आनंद होतो. उच्चारांतही तेच. स्पॅनिशचा त आणि द दातांना जीभ लावून येतो, आपल्या त-द सारखा. इंग्रजीतून आलेली माणसं तिथे ट-ड उच्चारतात आणि क, त, प मध्ये हवा भरतात. मराठी जिभेला हा त्रास नाही, फक्त आपली ट-ड ची इंग्रजी सवय दाराबाहेर ठेवायची.

शब्दांचं तर घरगुती नातं निघतं. गोवा 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि त्यांच्या भाषेतले कितीतरी शब्द मराठीत घरचे झाले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. त्यामुळे यजमानीण हातावर ठेवते ती ‘याबे’ म्हणजे आपली चावी, पीलावर ठेवलेला ‘हाबोन’ म्हणजे साबण, न्याहारीचा ‘पान’ म्हणजे पाव. आणि ‘पागार’ हे स्पॅनिशमधलं क्रियापद, पैसे देणे, पोर्तुगीजमध्येही तेच, म्हणजे आपल्या पगाराचं मूळ. ही यादी एखाद्या संध्याकाळी टेबलाशी काढली तर तास कसा जातो कळत नाही. घरच्यांनाही आपले शब्द इतक्या लांब कुठे गेले होते, याचं नवल वाटतं.

जेवण हा खरा कसोटीचा भाग. मक्याच्या जाडसर, लहान तोर्तिया फडक्यात गुंडाळून टोपलीत येतात. त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग दळून त्याचा गोळा होतो आणि दोन्ही तळव्यांवर थापटून तो तव्यावर जातो. दुपारच्या वेळी गल्लीतून त्या थापण्याचा टाळ्यांसारखा आवाज येतो. भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला तोर्तिया परकी वाटत नाही, शिवाय ती चमच्यासारखी वापरून हाताने खायची असते. बरोबर काळ्या घेवड्याचा घोटलेला फ्रिहोल, तळलेली पिकली केळी, अंडी, अवोकाडो. गुइस्किल नावाची हिरवी फळभाजी तर दक्षिण भारतात चौचौ म्हणून विकली जाते. संध्याकाळी कॉफी आणि तिच्यात बुडवून खायची ‘चाम्पुर्रादा’ ही कडक बिस्किटं, आपल्या चहा-खारीची बहीणच. तिखट मात्र जेवणात नसतं, ते वेगळ्या वाटीत टेबलावर असतं. जगाला मिरची दिली ती याच खंडाने, पण ग्वाटेमालाच्या रोजच्या घरगुती जेवणात ती जपून वापरतात. कोबान भागातल्या वाळवून धुरी दिलेल्या मिरचीची पूड मागून घेतली की मराठी जिभेची सोय होते.

शाकाहाऱ्याने एक गोष्ट आधीच पक्की करावी. ‘नो कोमो कार्ने’, मी मांस खात नाही, एवढं सांगून भागत नाही. रोजच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस. ते ऐकून बाई मोठ्या प्रेमाने कोंबडीचं जेवण वाढते आणि विद्यार्थी गप्प बसला तर दोघंही दुखावतात. ‘नि पोयो, नि पेस्कादो’, कोंबडी नाही, मासा नाही, हे जोडावं लागतं. भात कोंबडीच्या रश्श्यात किंवा त्याच्या पुडीत शिजवलेला असू शकतो, फ्रिहोल चरबीत परतलेला असू शकतो. म्हणून काल्दो आणि मान्तेका हे दोन शब्द पहिल्याच दिवशी हवेत. हे सगळं लाजत लाजत, हळूहळू सांगण्यापेक्षा शाळेतल्या शिक्षकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी आणि पहिल्या संध्याकाळी वाचून दाखवावी. यजमानिणीचा अपमान होत नाही. उलट, नको असलेलं ताटात टाकून देणं हा तिच्या कष्टांचा अपमान.

चहाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडते. वेलची घातलेला चहा करून दाखवावा म्हटलं तर घरात वेलची नसते. आणि ग्वाटेमाला हा जगातला वेलदोड्याचा सर्वांत मोठा निर्यातदार देश आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने भारतातून वेलचीची रोपं आणून आल्ता बेरापास भागात लावली असं सांगतात. आज तिथल्या डोंगरांत हजारो शेतकरी ती पिकवतात, मालाचा मोठा भाग अरब देशांत जातो, आणि देशातल्या स्वयंपाकघरात तिला जागाच नाही. बाजारातून मूठभर वेलची शोधून आणून चौकात चहा उकळणारा विद्यार्थी त्या घराला त्यांच्याच देशाचं पीक पहिल्यांदा चाखवत असतो. दाराबाहेरच्या रस्त्याने भुर्र करत जाणारी तीन चाकी ‘तुक-तुक’ही बहुधा बजाजची असते, पुण्यातल्या कंपनीची.

ऋतूंची नावंही नव्याने शिकावी लागतात. पुस्तकात ‘इन्व्येर्नो’ म्हणजे हिवाळा. ग्वाटेमालात मे महिन्यात धो-धो पाऊस पडत असताना बाई म्हणते, ‘इन्व्येर्नो आला.’ इथे वर्षाचे दोनच भाग: मे ते ऑक्टोबर पावसाचा तो इन्व्येर्नो, उरलेला कोरडा तो ‘बेरानो’. चार ऋतू युरोपातून पुस्तकात आले, आभाळ मात्र आपल्या पद्धतीने वागतं. कपडे पीलावर धुवायचे ते सकाळीच, कारण दुपारनंतर सर येते. हेही घरातलंच शिक्षण.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थकवा येतो. सुरुवातीला सगळं नवं असतं म्हणून उत्साह असतो. मग दिवसभर परकी भाषा ऐकून दुपारी डोकं जड होऊ लागतं, साध्या विनोदावर सगळं टेबल हसतं आणि आपल्यालाच कळत नाही, घरच्या आमटीची आठवण येते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1954 मध्ये रिओ द जानेरोतल्या व्याख्यानात या अवस्थेबद्दल सविस्तर सांगितलं आणि ‘कल्चर शॉक’ हे शब्द सर्वतोमुखी झाले. त्यांनी टिपलेली लक्षणं फार ओळखीची आहेत: पुन्हा पुन्हा हात धुणं, पाणी आणि अन्न याची नको इतकी काळजी, छोट्याशा दिरंगाईवरही भडकणं, आणि मायदेशी परतण्याची तीव्र ओढ. त्याच्या पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या स्वेरे लिसगार यांनी परदेशी शिकायला गेलेल्यांचा कल आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर असा असतो असं मांडलं. पुढच्या संशोधकांनी हा आलेख प्रत्येकाला लागू होत नाही हे दाखवलं, आणि ते बरोबरच आहे. पण खालची पायरी येते तेव्हा ती आपल्या एकट्याची नाही, एवढं ठाऊक असलेलं बरं. अशा दुपारी व्याकरणाचं पुस्तक मिटून आजीबरोबर घेवडा निवडायला बसावं. हात गुंतलेले असले की चुकांची भीती कमी होते. शिवाय समोरची व्यक्तीही डोळ्यात डोळे घालून उत्तराची वाट बघत नसते.

या देशाची आणखी एक बाजू टेबलाशी उलगडते. ग्वाटेमालात 22 माया भाषा बोलल्या जातात आणि 2003 च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. आंतीग्वाच्या आसपासच्या गावांत काक्चिकेल बोलतात. केत्साल्तेनांगो, ज्याला सगळे ‘शेला’ म्हणतात, तिथे किचे आणि माम. आतित्लान सरोवराकाठच्या सान पेद्रो गावात अनेक यजमान घरांची मातृभाषा त्सुतुहिल आहे. म्हणजे जी बाई विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्ये ‘तोर्तिया घे’ म्हणते तिनेही कधीतरी शाळेत जाऊन, रागावून घेऊन, स्पॅनिश शिकलेली असते. घरात ती आपल्या मुलीशी त्सुतुहिलमध्ये बोलते आणि पाहुण्याकडे वळून स्पॅनिशमध्ये. 1960 ते 1996 अशी छत्तीस वर्षं चाललेल्या अंतर्गत युद्धात माया समाजाने सर्वांत जास्त माणसं गमावली. म्हातारी माणसं त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत. बोलली तर ऐकावं, स्वतःहून विचारू नये. अशा घरातली स्पॅनिश हळू असते, सोपी असते, आणि शिकण्याचा त्रास ठाऊक असलेल्या माणसाची असते. नव्या विद्यार्थ्याला याहून समजूतदार श्रोता मिळणार नाही.

टेबलावरचं शिक्षण एकाच दिशेनेही होत नाही. हारुको कुक या अभ्यासिकेने जपानमधल्या यजमान कुटुंबांच्या जेवणाच्या वेळच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून तपासल्या. घरची माणसं ‘परदेशी लोकांना हे खाता येत नाही’ यांसारखी विधानं करत, आणि विद्यार्थी कधी ती मान्य करत, कधी हसत हसत खोडून काढत. त्या खोडण्यातूनच दोघंही बदलत होते. आंतीग्वातही भारतीय विद्यार्थ्याला विचारलं जातं, तुमच्याकडे सगळे सापांबरोबर राहतात का, लग्न आईवडीलच ठरवतात का. उत्तर द्यायला भूतकाळ लागतो, ‘पण’ आणि ‘म्हणून’ लागतात, कधी कधी अख्खी गोष्ट सांगावी लागते. तीन आठवडे वर्तमानकाळात बोलणारा विद्यार्थी आजीच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतो तेव्हा पहिल्यांदा भूतकाळाची सगळी रूपं तोंडातून बाहेर पडतात, चुकत, अडखळत, पण थांबत नाहीत.

सेमाना सांताच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात या घरांचं रूप बदलतं. 2022 मध्ये युनेस्कोने ग्वाटेमालाच्या या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रात्री सगळं कुटुंब रस्त्यावर उतरतं, आधी वाळू पसरून जमीन सपाट करतं आणि मग रंगवलेला लाकडाचा भुसा साच्यांमधून चाळून लांबच लांब ‘आल्फोंब्रा’, गालिचे घालतं. वर पाइनच्या पानांच्या सुया, फुलं. सकाळी मिरवणूक येते आणि त्यावरून चालत जाते. दारापुढे रांगोळी काढत मोठी झालेली मुलगी त्या रात्री कुणी न सांगता चाळणी हातात घेते. रंग कडेला सांडू नये म्हणून साच्याची कड कशी दाबायची, हे ती आजीकडून शिकलेली असते, मायदेशातल्या आजीकडून.

आणि मग एखादा रविवार येतो. करारात नसलेला. विद्यार्थी बाहेर खायला निघायच्या तयारीत असतो, खिशात थोडे केत्साल, डोक्यात कोणत्या खानावळीत जावं हा हिशेब. चौकात गडबड असते: कुणी गाडीत डबा ठेवतंय, कुणी मुलाचे बूट शोधतंय. खोलीच्या दारावर टकटक होते. बाई पदराला हात पुसावा तसा एप्रनला हात पुसत उभी असते. गावाकडे आजीच्या घरी सगळे चाललेत, पेपियान नावाचा रस्सा केलाय, विद्यार्थ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भाज्यांचा, मांसाशिवाय. ‘बामोस?’ म्हणजे ‘जाऊया?’, ती विचारते. आणि गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर एक अनोळखी मूल आणि पायाशी तोर्तियांची टोपली अशी जागा होते.